सिनेमाला निघताना चादर घ्या

सोलापुरात सिनेमाला जायचं ठरलं की सगळ्यात आधी नळाला पाणी कधी आहे ते बघा. विनोद करत नाही. आमच्या भागात पाणी चार-पाच दिवसांआड येतं आणि येतं त्या दिवशी घरातलं एक माणूस मोटर आणि बॅरलपाशी बांधलेलं असतं. मागे एकदा चार तिकिटं काढून ठेवली होती. सगळे कपडे घालून दारात उभे, आणि नळ सूं सूं करायला लागला. बायको म्हणाली, "तुम्ही तिघं जावा, मी भरते." तिचं तिकीट फुकट गेलं. तेव्हापासून आमच्याकडे पाणी येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशीचाच खेळ.

पूर्वी यातलं काही लागायचं नाही. भागवत थिएटरच्या एकाच आवारात कितीतरी पडदे होते, मल्टिप्लेक्स हा शब्द इकडे यायच्या खूप आधीपासून. एका खिडकीवर हाउसफुल्लची पाटी दिसली की माणसं शेजारच्या रांगेत शिरायची आणि आपण कोणता सिनेमा बघणार हे त्यांना रांगेत कळायचं. चप्पल पायात घातली की तयारी झाली. माझी आई आता शहात्तर वर्षांची आहे, आणि तिला अजूनही तसंच वाटतं. "चल की," म्हणते आणि पदर खोचून उभी राहते. बाकीची यादी माझ्याकडे.

वाराचं बघायचं. शुक्रवार ते रविवार टाळता आले तर टाळा, मंगळवारी किंवा बुधवारी दुपारी जा. निम्मा सभागृह रिकामा असतो आणि निम्म्या कटकटी तिथंच मिटतात. मराठी सिनेमाला मात्र हा सल्ला लागू नाही. तो मंगळवारपर्यंत टिकेल याची खात्री धरू नका. शुक्रवारी चार खेळ असतात, सोमवारी एक उरतो, आणि तोही सकाळी साडेनऊला नाहीतर रात्री साडेदहाला. मग म्हणायचं, प्रेक्षकच येत नाही. २०१५ साली राज्य सरकारनं मल्टिप्लेक्सवाल्यांना प्राइम टाइमला मराठी सिनेमा लावायला सांगितलं, आणि थोड्याच दिवसांत प्राइम टाइम म्हणजे दुपारी १२ ते रात्री ९ अशी ऐसपैस व्याख्या झाली. दुपारी बाराला टॉवेलच्या कारखान्यातल्या माणसानं माग बंद करून यायचं का? तेव्हा मराठी असेल तर पहिल्या शनिवारीच जा, गर्दीसकट.

भाषा तपासा. हे पुण्याच्या लोकांना कळणार नाही, पण आपल्याकडे एकाच सिनेमाचे तेलुगू आणि हिंदी असे दोन्ही खेळ असू शकतात आणि पोस्टर एकच असतं. आमच्या शेजारचे काका मूळचे शहराच्या पूर्व भागातले, घरात तेलुगू बोलणारे. मोठ्या हौसेनं नातवाला घेऊन गेले आणि आत हिंदी लागलं. "हिरोचं तोंड आमच्या भाषेत हलायलंय आन् आवाज दुसऱ्याचाच," असं सांगताना त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता. ॲपवर सिनेमाच्या नावाखाली बारीक अक्षरात भाषा लिहिलेली असते, चष्मा लावून वाचा. तिथंच टू-डी की थ्री-डी तेही असतं. थ्री-डीच्या चष्म्यातून डोळ्यापर्यंत पोचणारा उजेड बराच कमी होतो. रात्रीचे प्रसंग जास्त असलेला सिनेमा असेल तर पैसे जास्त देऊन अंधार बघाल.

मुलं बरोबर असतील तर सेन्सॉरचं प्रमाणपत्र बघा. आता नुसतं यूए नसतं, ७+, १३+ आणि १६+ असे तीन प्रकार असतात. ते आईबापांना सांगण्यापुरते. 'ए' असेल तर मात्र अठराच्या आतल्याला दारातून परत पाठवतात. मिशा फुटल्या म्हणून भागत नाही, आधार कार्ड खिशात असू द्या.

तिकीट. मी जमेल तेव्हा खिडकीवर जाऊन काढतो. ऑनलाइन काढलं की सोयीचं शुल्क लागतं, त्या शुल्कावर पुन्हा १८ टक्के जीएसटी, आणि सोय कोणाची झाली ते कळत नाही. सोलापूर काही मुंबई नाही, सात रस्ता चौकातून कुठंही पंधरा मिनिटांत पोचता येतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर ५ टक्के कर आहे, त्याच्या वरच्यावर १८. म्हणजे सकाळच्या स्वस्त खेळाला जाणाऱ्याला थोडा दिलासा. तिकिटाबरोबर पॉपकॉर्नचा कॉम्बो घ्या म्हणून ॲप मागे लागतं, त्याला सरळ नाही म्हणा. थिएटरमधलं खाणं सुटं घेतलं तर त्यावर ५ टक्के जीएसटी आहे. तिकिटाला जोडून एकत्र विकलं तर सगळ्यालाच तिकिटाचा दर लागू शकतो. हे २०२३ साली जीएसटी परिषदेनंच स्पष्ट केलंय.

शेजारच्या कर्नाटकानं सप्टेंबर २०२५ मध्ये तिकिटाला २०० रुपयांची कमाल मर्यादा घातली. आम्ही इकडे खूश, चला, विजापूरला जाऊन सिनेमा बघू. महिनाही झाला नाही तोवर उच्च न्यायालयाची स्थगिती आली. विजापूर राहिलं.

खुर्ची निवडताना एक सांगतो, कारण यात मी फसलोय. 'ए' ओळ काही ठिकाणी पडद्याजवळ असते, काही ठिकाणी सगळ्यात मागे. अक्षरावर जाऊ नका, नकाशावर पडदा कुठं दाखवलाय ते बघा. आवाजाला आणि चित्राला मध्यापासून जरा मागची, मधोमधची जागा बरी. पण बरोबर म्हातारं माणूस असेल तर हा विचार सोडा आणि कडेची जागा घ्या, शक्यतो दाराच्या पातळीवरची. अंधारातल्या त्या पायऱ्या कोणी मोजून केलेल्या नसतात, एक उंच तर एक आखूड. पूर्वी बॅटरी घेतलेला डोअरकीपर असायचा, पायापुढे उजेड पाडून खुर्चीपर्यंत न्यायचा. आता आपल्या मोबाइलचा दिवा लावून आपणच जायचं आणि मागच्यांच्या शिव्या खायच्या. म्हणून आईला घेऊन मी दिवे चालू असतानाच आत जातो, वीस मिनिटं जाहिराती बघाव्या लागल्या तरी.

जाहिरातींचं काय करायचं, याला माझ्याकडे उत्तर नाही. बंगळुरूच्या एका माणसानं केलं. ४ वाजून ५ मिनिटांचा खेळ साडेचारला सुरू झाला म्हणून तो ग्राहक आयोगात गेला. फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगानं त्याची पंचवीस मिनिटं वाया घालवली म्हणून थिएटरवाल्यांना भरपाई द्यायला लावली, तिकिटावर खरी वेळ छापा म्हणून सांगितलं. पुढच्याच महिन्यात त्यालाही स्थगिती. मधे महिनाभर आम्ही तो निकाल गल्लीतल्या प्रत्येकाला वाचून दाखवला होता. आई मात्र दर वेळी तेच विचारते, "किती वेळ ह्या जाहिराती दाखवायलेत रे? सिनेमा हाय का न्हाई?" तिला सांगायचं, तंबाखूची ती खोकल्याची जाहिरात आली की जवळ आलंय समज. ती मध्यंतरानंतर पुन्हा येते, कायद्यानंच तसं ठरवलंय. त्यावर तक्रार करू नका.

मधेच कुठंतरी राष्ट्रगीत होतं. २०१८ पासून सर्वोच्च न्यायालयाची सक्ती नाही, पण आपल्या राज्यात ते त्याच्याही आधीपासून वाजतंय. तेव्हा हातात ट्रे घेऊन बसू नका. दोन थंडचे ग्लास मांडीवर असताना उठायची वेळ आलेला माणूस मी पाहिलाय. त्याची पँट आणि पुढच्याचा शर्ट दोन्ही गेले. खायचं ते मध्यंतरात.

आणि खरं सांगायचं तर खाऊनच निघा. दारात पिशवी तपासतात. आईच्या पिशवीत एकदा कडक भाकरी आणि शेंगाची चटणी निघाली. तपासणाऱ्या पोरानं पुडी हातात घेऊन वास घेतला, सोलापूरचाच होता, त्याला कळलं. "आजी, आत न्हाई चालत की," म्हणाला, पण अपराध्यासारखा. २०१८ साली एका मंत्र्यांनी विधिमंडळात सांगितलं होतं की बाहेरचं खाणं नेता येईल, तेव्हा आम्ही पेढे वाटायचेच बाकी होते. ते बारगळलं. ३ जानेवारी २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं थिएटरवाल्यांना बाहेरचं खाणं अडवायचा हक्क आहे असं सांगून विषय संपवला. पण त्याच निकालात दोन गोष्टी आहेत, त्या पाठ करा. पिण्याचं स्वच्छ पाणी आत फुकट मिळालंच पाहिजे, आणि लहान बाळासाठी आईबापांनी आणलेलं खाणं अडवायचं नाही. काउंटरवर बाटलीच दाखवतील. "साधं पाणी कुठंय?" असं मोठ्यानं विचारा. बहुतेक वेळा ते स्वच्छतागृहाच्या वाटेवर, कोपऱ्यात, ग्लासाशिवाय असतं. शुगरच्या गोळ्या वेगळ्या छोट्या डबीत ठेवा आणि दाखवा, औषधाला कोणी अडवल्याचं मला आठवत नाही. चटणी त्या दिवशी पार्किंगमध्ये गाडीच्या डिकीत ठेवली. परत येईपर्यंत डिकी उन्हानं तापून सगळ्या गाडीला लसणाचा वास लागला होता.

आता चादर. मे महिन्यात बाहेर त्रेचाळीस अंश असतं, आणि आत शिरलं की हिमालय. सोलापुरी माणसाला घाम फुटायची सवय, थंडीची नाही. मध्यंतरापर्यंत आईची बोटं गार पडतात. एसी कमी करा म्हणून सांगायला गेलो तर बाहेरचा मुलगा म्हणाला, ते इथून होत नाही. कुठून होतं, ते त्यालाही माहीत नव्हतं. मग आम्ही चादर न्यायला लागलो. आपल्याच गावची, चौकड्याची, सिंगल. खाण्याची वस्तू नाही, त्यामुळे पिशवीत दिसली तरी कोणी बोलत नाही. नुसते बघतात. आता मी स्वतःसाठीही एक नेतो.

मोबाइलचा विषय मोठा आहे, पण त्याला तयारी फक्त मनाची. बाजूचा माणूस दर पाच मिनिटांनी फोन काढून उजेड पाडणार हे धरूनच चाला. एकदा सांगा, हळू आवाजात, "दादा, डोळ्यावर येतंय." दहातले सात ठेवतात. उरलेल्यांशी भांडलात तर तुमचा सिनेमा जातो, त्यांचा नाही. हिरो पडद्यावर आला की पुढच्या चार रांगा फोन वर करून उभ्या राहतात. मी एका पोराला सांगितलं, पडद्याचं रेकॉर्डिंग करणं गुन्हा आहे, २०२३ च्या कायद्यात किमान तीन महिने कैद आणि तीन लाख दंड आहे. तो म्हणाला, "स्टेटसला लावायलोय काका. आन् तीन लाखात जुनी स्विफ्ट येती." त्यावर काय बोलणार?

पण सगळ्यात आधी आपल्या घरातले फोन तपासा. हे मी लाजत लिहितोय. सगळ्यांना गप्प करून मी आरामात बसलो होतो, पडद्यावर हिरोचा बाप मरत होता, सभागृहात टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता, आणि आईच्या पिशवीतून पूर्ण आवाजात आरती सुरू झाली. अक्कलकोटची मावशी. आईनं फोन उचलला आणि उचलला तर उचलला, बोलली. "सिनेमात हाय मी. हां. न्हाई, आत्ताच बाप मेला त्याचा. तू जेवलीस का?" तो स्विफ्टवाला पोरगा मागे वळून माझ्याकडे बघत होता.

चित्रात काही बिघाड असेल तर पहिल्या पाच मिनिटांतच उठा. पूर्वी "ए, फोकस!" अशी आरोळी ठोकली की वरच्या खिडकीतल्या ऑपरेटरला ऐकू जायची. आता सिनेमा सर्व्हरवरून आपोआप सुरू होतो आणि वर कोणी बसलेलं असेलच असं नाही. टू-डी सिनेमा विनाकारण काळपट दिसत असेल तर थ्री-डीची लेन्स तशीच राहिली असेल किंवा दिवा म्हातारा झाला असेल. बाहेर जाऊन एवढे दोनच शब्द बोला, लेन्स आणि लॅम्प. नुसतं "नीट दिसत नाही" म्हटलं तर चष्म्याचा नंबर तपासायला सांगतात. एकदा सांगितलंही होतं.

पार्किंगची चिठ्ठी शर्टाच्या खिशात ठेवा, पाकिटात नको. शेवटची नावं वाचायची सवय असेल तर सोडून द्या, कारण पहिलं नाव वर सरकायच्या आत दिवे लागतात आणि झाडू घेतलेली माणसं आत येतात. त्यांना पुढच्या खेळाआधी दहा मिनिटं मिळतात, त्यांचा राग करू नका. पण त्या घाईत खुर्ची नीट बघून निघा. आम्ही एकदा चादर तिथंच विसरलो. दुसऱ्या दिवशी आणायला गेलो तर दारातली मुलगी म्हणाली, "सर, आत खेळ चालू आहे. आत जायचं तर तिकीट लागेल." मी घरी फोन लावला, आईला म्हटलं, चादरीसाठी तिकीट मागायलेत.

"मग दोन काढ की," आई म्हणाली. "मी येते."