अ‍ॅपलेशियन ट्रेलचे ७९ मैल: वसंतातला एक आठवडा कसा आखावा

एप्रिलच्या शेवटी ऑफिसातून पाच दिवसांची रजा मिळाली, की शनिवार दुपारपासून पुढच्या शनिवार दुपारपर्यंत सात रात्री हाताशी येतात. व्हर्जिनिया, मेरीलँड किंवा डीसीच्या आसपास राहणाऱ्यांना एवढ्यात अ‍ॅपलेशियन ट्रेल या डोंगरांतल्या लांबलचक पायवाटेचा एक सलग तुकडा आरामात चालता येतो. मी आणि माझी नणंद व्हर्जिनियातल्या शेनँडोआ नॅशनल पार्कमधला थॉर्नटन गॅप ते रॉकफिश गॅप (गॅप म्हणजे खिंड) हा तुकडा अशाच एका आठवड्यात चाललो. मी पन्नाशी ओलांडलेली, ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठ्या. आमच्या वयाच्या, सह्याद्रीत कधीकाळी भरपूर हिंडलेल्या आणि आता गुडघे सांभाळणाऱ्या मंडळींना डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिते आहे.

ही पूर्ण वाट जॉर्जियातल्या स्प्रिंगर माउंटनपासून मेनमधल्या कटाडिनपर्यंत १४ राज्यांतून जाते. लांबी २१९० मैलांहून थोडी जास्त. बेंटन मकाय यांनी १९२१ मध्ये कल्पना मांडली आणि १९३७ मध्ये वाट सलग जोडली गेली. काहीजण ती एका दमात चालतात, त्याला पाच-सहा महिने लागतात. बाकीचे आमच्यासारखे, दरवर्षी एकेक तुकडा. नर्मदा परिक्रमा टप्प्याटप्प्याने करणारे आपल्याकडे आहेत, तसंच हे.

आमचा पहिला प्रयत्न फसला होता, आणि तो का फसला हे आधी सांगते. उत्तर टोकाच्या फ्रंट रॉयलजवळून निघून पार्कच्या दक्षिण टोकापर्यंतचे १०७ मैल मी सातने भागले आणि रोज १५ मैल असा तक्ता करून फ्रिजवर लावला. राजगड-तोरणा एका दिवसात केलेला होता, त्यामुळे १५ मैल म्हणजे जेमतेम २४ किलोमीटर, होईल की, असं वाटलं. पण राजगड-तोरण्यानंतर घरी येऊन गरम पाण्याने आंघोळ करून झोपता येतं. इथे दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढंच, पाठीवर १३ किलो घेऊन. चौथ्या दिवशी बिग मेडोजला पोचलो तेव्हा ताईंचा उजवा गुडघा एवढा सुजला होता की पँटचा पाय वर सरकेना. तिथूनच घरी फोन करून गाडी बोलावली.

म्हणून माझी पहिली सूचना: मैल दिवसांनी भागू नका. आधी मुक्काम ठरवा. मुक्कामाला पाणी कुठे आहे, आणि तिथून पाय दुखले तर रस्त्याला किती वेळात लागता येईल, हे बघा. मैल मग आपोआप ठरतात. शेनँडोआत हे सोपं जातं, कारण स्कायलाइन ड्राइव्ह हा गाडीरस्ता वाटेच्या सोबतीने डोंगराच्या कण्यावरून जातो आणि वाट त्याला जागोजागी ओलांडते. पहिल्या लांब चालीसाठी हाच तुकडा निवडण्याचं माझं मुख्य कारण तेच.

दुसऱ्या वेळी आम्ही असे मुक्काम ठरवले. अंतरं सुमारे आहेत.

शनिवारी दुपारी थॉर्नटन गॅपहून निघून बर्ड्‌स नेस्ट ३ या हटपर्यंत, म्हणजे वाटेवरच्या साध्या निवाऱ्यापर्यंत, फक्त ३ मैल. मेरीज रॉकची चढण हजार-बाराशे फुटांची आहे, नवीन ओझ्याला तेवढी पुरे. रविवारी स्कायलँडवरून रॉक स्प्रिंग हट, ११ मैल. सोमवारी बिग मेडोज आणि हेझलटॉपवरून बेअरफेन्स हट, साडेअकरा. मंगळवारी हायटॉप, साडेबारा. याच दिवशी स्विफ्ट रन गॅप लागतो, जिथे मोठा हमरस्ता आहे. बुधवारी मुद्दाम कमी, पाइनफील्डपर्यंत ८ मैल. दुपारी दोनला पोचलो, मोजे धुतले, झोपलो. गुरुवारी लॉफ्ट माउंटनवरून ब्लॅकरॉक, १३. शुक्रवारी काफ माउंटन, पुन्हा १३. शनिवारी सकाळी उरलेले ७ मैल, आणि गाडी.

बुधवार गाळून एक दिवस वाचवायचा मोह होईल. गाळू नका. त्या दुपारच्या झोपेवरच गुरुवार-शुक्रवारचे २६ मैल आम्ही निभावले.

हट म्हणजे तीन भिंतींची, समोरून उघडी लाकडी किंवा दगडी ओसरी. जवळ झरा असतो, संडास असतो. पार्कच्या नियमानुसार या हट सलग तीन किंवा जास्त रात्री चालणाऱ्यांसाठी आहेत, त्यामुळे आपण त्या नियमात बसतो. पण जागा आरक्षित होत नाही. तंबू न्यायचाच. जंगलात मुक्कामाचं परमिट रिक्रिएशन डॉट गव्हवरून आधी काढावं लागतं आणि त्यात कोणत्या रात्री कुठे ते लिहावं लागतं, म्हणजे वरचा तक्ता तेव्हा तयार हवा. शेकोटी फक्त हटजवळच्या बांधलेल्या चुलीतच. नकाशे पोटोमॅक अ‍ॅपलेशियन ट्रेल क्लबचे घ्या, या तुकड्याला १० आणि ११ नंबरचे. फोनवर नकाशा असतो हे खरं, पण घळीत रेंज जाते आणि थंडीत बॅटरी उतरते.

वाटेवर झाडांच्या बुंध्यांवर पांढरे पट्टे रंगवलेले दिसतात, दोन इंच रुंद, सहा इंच उंच. एकावर एक दोन पट्टे दिसले की वळण आहे असं समजायचं. फाट्यावर कमरेएवढे काँक्रीटचे खांब असतात आणि त्यांच्या डोक्याशी धातूची पट्टी गुंडाळलेली असते. तिच्यावर ठोकून उमटवलेली अक्षरं आणि मैल. पाऊस-धुक्यात ती अक्षरं नीट दिसत नाहीत. ताई त्यावर बोट फिरवून वाचायच्या.

आता तारखा. एप्रिलचा शेवटचा आठवडा ते मेचा पहिला आठवडा, असं मी ठामपणे सांगेन. झरे भरलेले असतात. खाली दरीत झाडं हिरवी आणि वर कण्यावर अजून उघड्या फांद्या, त्यामुळे दोन्ही बाजूंना लांबवर दिसतं. जूनमध्ये याच वाटेचा हिरवा बोगदा होतो. जमिनीवर तीन पाकळ्यांची पांढरी ट्रिलियमची फुलं असतात. आणि जॉर्जियाहून मार्चमध्ये निघालेल्यांचा मुख्य लोंढा इथे साधारण मेच्या मध्यानंतर पोचतो, त्याआधी हटमध्ये जागा मिळायची शक्यता जास्त.

पण वसंत म्हटलं तरी ३५०० फुटांवर रात्री पाणी गोठू शकतं. दरीतला हवामानाचा अंदाज बघून त्यातून दहा अंश फॅरनहाइट वजा करायचे. पाणी गाळायचा पोकळ तंतूंचा फिल्टर एकदा गोठला की आतून फुटतो आणि वरून काही कळत नाही, म्हणून तो रात्री पिशवीत घालून झोपेच्या बॅगेत, पायाशी. सुती कपडे घरी ठेवा. भिजलेला सुती टीशर्ट अंगावर वाळत नाही, अंगातली ऊब तेवढी ओढून घेतो. लोकरीचा एक बनियन-जोड फक्त झोपण्यासाठी राखून ठेवा आणि कितीही मोह झाला तरी चालताना घालू नका.

पहिल्या खेपेला माझी पिसांची झोपेची बॅग भिजली होती. सॅकवर पावसाळी कव्हर होतं, पण पाणी पाठीच्या बाजूने, पट्ट्यांजवळून आत उतरलं. रात्री दीड वाजता बॅगेतली पिसं ओल्या कणकेसारखी कोपऱ्यात गोळा झालेली हाताला लागली. ताईंनी त्यांची बॅग पूर्ण उघडून दोघींवर पांघरली आणि स्टोव्हवर पाणी तापवून बाटली माझ्या पोटाशी दिली. तेव्हापासून सॅकच्या आत जाड प्लास्टिकची, कचरा दाबायच्या यंत्राला लावतात ती पिशवी असते. झोपेची बॅग आणि कोरडे कपडे तिच्यात, तोंड पिळून बंद. दोन डॉलरच्या आतलं काम आहे.

बूट रोजच्यापेक्षा अर्धा नंबर मोठे घ्या, पाय दुपारनंतर फुगतात. दोन काठ्या घ्या, उतारावर गुडघ्यांवरचा भार त्या घेतात. आणि निघण्याआधी आठ आठवडे, दर शनिवारी, भरलेली सॅक घेऊन चाला. सपाटीवर चालून उपयोग नाही. आमच्या घराजवळ डोंगर नाही, म्हणून मी पार्किंगच्या इमारतीचे सहा मजले वरखाली करायचे, सॅकमध्ये तांदळाच्या पिशव्या घालून.

खाण्यावर मला जरा जास्त लिहायचं आहे, कारण दुकानातली तयार पाकिटं तिसऱ्या दिवशी घशाखाली उतरत नाहीत आणि आपल्याकडे प्रवासाच्या खाण्याची एवढी मोठी परंपरा आहे. हिशेब असा: माणशी दिवसाला साधारण ७०० ग्रॅम कोरडं खाणं. एकदम आठ दिवसांचं न्यायची गरज नाही. बिग मेडोजला आणि लॉफ्ट माउंटनच्या कॅम्पग्राउंडला दुकान आहे; पण ती हंगामी आहेत, उघडायची तारीख निघण्याआधी बघून ठेवा.

सकाळी सातूचं पीठ. गहू आणि डाळं भाजून, सुंठ-जिरं घालून दळलेलं. ७० ग्रॅम पीठ आणि २० ग्रॅम किसलेला गूळ अशा पुड्या घरीच बांधायच्या. थंड पाण्यात कालवलं की झालं, स्टोव्ह पेटवायला नको, सातला वाटेवर. पहिल्या दोन दिवसांच्या दुपारी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. पुढे भडंग, चिक्की, डिंकाचे लाडू, सुकं खोबरं. दर तासाला काहीतरी तोंडात टाकायचं, भूक लागायची वाट बघायची नाही.

संध्याकाळी गरम हवंच. उपम्यासाठी रवा तुपात खमंग भाजायचा, मोहरी, उडीद डाळ, कढीपत्ता आणि सुक्या मिरचीची फोडणी कुरकुरीत होऊ द्यायची, मीठ, चिमूट साखर, आणि गार झाल्यावर पिशवीत. मुक्कामाला रव्याच्या अडीचपट उकळतं पाणी ओतून दहा मिनिटं झाकून ठेवायचं. मुगाची खिचडी मात्र घरी पूर्ण शिजवून, तूप न घालता, डिहायड्रेटरमध्ये कडकडीत वाळवते. तूप घातलं तर ती खवट होते, म्हणून तूप वेगळ्या छोट्या बाटलीत. बुधवारी पाइनफील्डला त्या खिचडीवर तूप आणि मेतकूट घेतलं तेव्हा शेजारच्या तंबूतला ओहायोचा मुलगा वास घेत आला. त्यालाही एक वाटी दिली.

तोच वास अस्वलालाही जातो. इथली काळी अस्वलं एप्रिलमध्ये पिल्लांसह हिंडत असतात. हटजवळ उंच लोखंडी खांब असतो, वर आकडे. आणि शेजारी एक लांब जड दांडा, त्याच्या टोकाला बेचकं. पिशवी बेचक्यात अडकवून वर आकड्यावर चढवायची. दिवसभर चालून थकलेल्या हातांनी ते एकटीला जमत नाही, एकीने दांडा धरायचा आणि दुसरीने दिशा सांगायची. खाणं, टूथपेस्ट, मलम, खरकटं भांडं, सगळं वर. तंबूत हिंगाची पुडीसुद्धा नको. वाटेत अस्वल दिसलं तर पळू नका, मोठ्याने बोलत थांबा, त्याला जायला जागा द्या.

मला अस्वलापेक्षा गोचिडीची काळजी जास्त वाटते. इथली काळ्या पायांची गोचीड लाइम रोग पसरवते, आणि तिची पिल्लं खसखशीच्या दाण्याएवढी असतात. निघण्याआधी पँट, मोजे आणि बूट यांवर परमेथ्रिन हे कीटकनाशक फवारून वाळवा. घरात मांजर असेल तर ओलं असेपर्यंत तिला लांब ठेवा. रोज संध्याकाळी टॉर्च लावून गुडघ्यामागे, काखेत, कमरेला, केसांत बघायचं. सापडली तर बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीलगत पकडून सरळ वर ओढायची.

सोमवारी बिग मेडोजनंतर मिलम गॅप लागतो. तिथे घाई करू नका. रानात सफरचंदाची जुनी झाडं आहेत. १९३५ मध्ये पार्क झालं, त्याआधी या डोंगरात माणसं राहत होती. त्यांना घरं, शेतं सोडून उतरावं लागलं. वसंतात रानात मध्येच पिवळे डॅफोडिल दिसले, तर तिथे कोणाचं तरी अंगण होतं असं समजा. ताईंचं माहेर कोयनेच्या बाजूचं, आजोळचं गाव धरणाखाली गेलेलं. त्या तिथे बराच वेळ काही न बोलता उभ्या होत्या.

आणि रविवारी स्कायलँडजवळ स्टोनी मॅनच्या कड्यावर दगडाला हात लावून बघा. हा हिरवट खडक सुमारे ५७ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा आहे. आपला सह्याद्रीही लाव्ह्याचाच, पण ६.६ कोटी वर्षांचा.

गाडी मात्र शेवटच्या टोकाला लावा. रॉकफिश गॅपला गाडी ठेवून, पैसे घेऊन सोडणाऱ्या स्थानिक चालकाबरोबर थॉर्नटन गॅपला या. त्याच्याशी महिनाभर आधी बोलून ठेवा. म्हणजे शेवटच्या दिवशी कोणाची वेळ गाठायची नसते, आपण आपल्या पावलांनी आपल्या गाडीपाशी येतो. डिकीत चपला, टॉवेल, धुतलेले कपडे, पाण्याचा मोठा कॅन आणि एक मोठी रिकामी पिशवी ठेवा. उतरवलेले कपडे त्या पिशवीत गाठ मारून घरी न्यायचे आणि धुण्याआधी तसेच ड्रायरमध्ये कडक तापवून काढायचे, गोचिडी त्यातच मरतात.