अडीच गुंठ्यांची अलॉटमेंट, आणि रोटाव्हेटर का नको

अलॉटमेंट म्हणजे इंग्लंडमध्ये भाजीपाला पिकवायला भाड्याने मिळणारा जमिनीचा तुकडा. पूर्ण प्लॉट रॉड या जुन्या मापात १०, म्हणजे साधारण २५० चौरस मीटर. आपल्या मापात अडीच गुंठे. गावाकडे अडीच गुंठ्यांना कुणी शेत म्हणणार नाही, पण नोकरी सांभाळून, शनिवार-रविवारी पावसाच्या उघडिपीत हाताने काढायची म्हटली तर ही जमीन संपता संपत नाही. त्यातून वेटिंग लिस्टवर थांबून हातात पडतो तो प्लॉट बहुधा आधीच्या माणसाने वैतागून सोडलेला असतो. अर्धा मिळत असेल तर अर्धाच घ्या. त्यात कमीपणा काही नाही.

पहिल्या दिवशी काही उपटू नका, नुसते फिरा. जुन्या शेडवर राखाडी सिमेंटचे पन्हाळी पत्रे असतील तर ते अ‍ॅस्बेस्टॉसचे असू शकतात. ब्रिटनमध्ये त्यावर पूर्ण बंदी १९९९ मध्ये आली, तेव्हा त्याआधीची शेड असेल तर ते आहे असंच धरून चाला. फोडायचे नाहीत, भोकं पाडायची नाहीत, साइट सेक्रेटरीला, म्हणजे अलॉटमेंटचा कारभार बघणाऱ्याला, लेखी कळवायचं. बांबूसारखी पोकळ, लालसर ठिपक्यांची खोडं दिसली तर जॅपनीज नॉटवीड या चिवट तणाचा संशय घ्या आणि तिथे कुदळ लावू नका. मुळाच्या लहानशा तुकड्यापासूनही ते नव्याने उभं राहतं. ब्लॅकबेरीचं काटेरी रान मात्र फेब्रुवारी संपायच्या आत कापा. मार्च ते ऑगस्ट त्यात पक्षी घरटी करतात, आणि वापरातलं घरटं मोडणं हा १९८१ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. कापताना फूटभर खुंट ठेवा, गड्डा खणताना धरायला तोच लागतो.

गवत कापून झालं की मातीत हात घालून मुळं ओळखा. काउच ग्रास या तणासाठी आपली हराळी डोळ्यांपुढे आणा. जात वेगळी, चाल तीच. पिवळट-पांढऱ्या दोऱ्यांसारखी कांडी जमिनीखालून आडवी धावतात, बहुतेक वरच्या १५ सेंटीमीटरमध्येच. टोक सुईसारखं आणि इतकं टणक, की वाटेत बटाटा आला तर त्याच्या आरपार जातं. बाइंडवीड या वेलीसारख्या तणाची मुळी पांढरीशुभ्र, नूडलइतकी जाड, वाकवली की कटकन मोडते आणि उरलेला भाग खोल राहतो. डॉक या रुंद पानांच्या तणाचं सोटमूळ गाजरासारखं. त्याचा वरचा १५ सेंटीमीटरचा भाग निघाला की खालचं टोक तुटून राहिलं तरी पुन्हा फुटत नाही, त्याच्यासाठी कंबर मोडून घेऊ नका. नेटलची मुळं पिवळी. तिची पानं अंगाला लागली की आग होते, पण नेटल उगवली आहे तिथली माती सकस समजा.

काउच किंवा बाइंडवीड असेल, आणि सोडलेल्या प्लॉटवर दोन्हीपैकी एक असतंच, तर रोटाव्हेटर, म्हणजे फिरत्या पात्यांनी माती घुसळणारं यंत्र, लावू नका. भाड्याचा नको, मित्राचा नको, ‘एकदाच, वरवर’ असाही नको.

कारण नीट समजून घ्या. ऊस लावताना आपण दोन डोळ्यांची टिपरी का करतो? अख्खा ऊस आडवा पुरला तर शेंड्याकडचे डोळे आधी फुटतात, बाकीचे दबून राहतात. टिपरी केली की प्रत्येक डोळ्याला संधी मिळते. काउचचंही तेच. कांडीला थोड्या थोड्या अंतरावर गाठी, प्रत्येक गाठीला एक डोळा, आणि वाढतं टोक शाबूत आहे तोवर ते मागच्या डोळ्यांना झोपवून ठेवतं. रोटाव्हेटरची पाती मीटरभर कांडीचे दहा-पंधरा तुकडे करतात आणि ते भुसभुशीत मातीत सगळीकडे पसरवतात. म्हणजे तुम्ही भाडं भरून गवताची लावणी केलीत. संध्याकाळी जमीन चाळलेल्या मातीसारखी दिसते, फोटो काढून घरी पाठवावा अशी. तीन-चार आठवड्यांत तिच्यावर सगळीकडे हिरवी लव येते. आधी गवताचे गड्डे होते, धरून ओढता येत होते, एका ओढीत हातभर कांडी निघत होती. आता बोटाएवढे हजारो तुकडे आहेत आणि प्रत्येक वेगळा वेचायचा आहे. लोक प्लॉट सोडतात ते इथे.

‘रोटाव्हेटरने काउच मरतं’ म्हणणारे खोटं बोलत नाहीत, अर्धं सांगतात. तुकड्यांना दोन-तीन पानं आली की पुन्हा फिरवायचं, फुटले की पुन्हा, असं मुळातला साठा संपेपर्यंत करावं लागतं, तेही कोरड्या हवेत. ज्याचं यंत्र दारात उभं आहे त्याला हे जमतं. एका शनिवारापुरतं भाड्याने आणणाऱ्याला नाही. बाइंडवीडला तर तेवढ्यानेही फरक पडत नाही, ते पात्याच्या खूप खालून वर येतं. शिवाय ओल्या चिकण मातीत पाती जिथवर पोहोचतात तिथे खाली घोटून घट्ट थर तयार होतो आणि हिवाळ्यात त्यावर पाणी साचतं.

काम करायचं फोर्कने, म्हणजे लांब दात्यांच्या हातअवजाराने. फावडं मुळं कापतं, फोर्क ती सैल करतो. दाते पूर्ण आत घाला, दांडा मागे रेला, ढेकूळ उचलून झटका, मग कांडी टोकापर्यंत हलकेच ओढून काढा. गवत दाट असेल तर एका चौरस मीटरला अर्धा तास सहज लागतो. ही गती कमी नाही, हीच खरी गती आहे. जमिनीला वाफसा असेल तेव्हाच हात घाला: मूठभर माती दाबा आणि अंगठ्याने ढकला, फुटली तर काम सुरू, लाडू तसाच राहिला तर घरी जा. काढलेली मुळं कंपोस्टच्या ढिगात थेट टाकू नका. झाकणाच्या बादलीत पाण्याखाली दीड-दोन महिने सडवा, मग खुशाल टाका.

म्हणून पहिल्या वर्षी पाव प्लॉटच उघडा. १.२ मीटर रुंदीचे वाफे, मध्ये ४५ सेंटीमीटरची वाट. बाकी सगळं गवत कापून जाड काळ्या प्लॅस्टिकखाली, सायलेजची, म्हणजे मुरघास झाकायची, ताडपत्री उत्तम. कडा १५ सेंटीमीटर खोल चरात गाडा, नाहीतर पहिल्या वादळात ती शेजाऱ्याच्या मटारवर जाऊन पडेल. काउच दमायला मार्च ते ऑक्टोबर असा वाढीचा पूर्ण हंगाम लागतो, बाइंडवीडला दोन हंगाम तरी धरा. जुना गालिचा अंथरू नका. त्यातला कृत्रिम धागा कुजत नाही, मुळं त्यात विणली जातात, आणि पुष्कळ साइट्सवर त्याला मनाईच आहे.

न खणता पुठ्ठा आणि कंपोस्ट टाकण्याची पद्धत चांगली आहे, पण व्हिडिओत कंपोस्टचं बिल दाखवत नाहीत. १.२ बाय ३ मीटरच्या एका वाफ्यावर १० सेंटीमीटर थर म्हणजे ३६० लिटर, ५० लिटरच्या सात-आठ पिशव्या. पुठ्ठा टेप काढून, २० सेंटीमीटर एकावर एक चढवून, चिंब भिजवून घाला. काउच कडेने आत शिरतंच, दर आठवड्याला कडा तपासा.

फुकटचं घोड्याचं खत दिसलं की सगळे धावतात. थांबा. कुरणावर अमिनोपायरालिड नावाचं तणनाशक मारलेलं असेल तर ते गवतातून, घोड्याच्या पोटातून, खतातून तुमच्या टोमॅटोपर्यंत पोहोचतं. खत आणि साधं कंपोस्ट मिसळून दोन-तीन कुंड्यांत ब्रॉड बीन पेरा, शेजारी नुसत्या कंपोस्टची एक कुंडी. चार आठवड्यांत खताच्या कुंडीतली नवी पानं द्रोणासारखी आखडली तर ते खत परत करा.

सल्ला कुणाचा घ्यावा? माझं मत ठाम आहे: सगळ्यात देखण्या प्लॉटवाल्या काकांचा नाही. त्यांची माती तीस वर्षं कसलेली आहे. गेल्या चार-पाच वर्षांत ज्याने असंच रान ताब्यात घेतलं त्याला गाठा. जमीन कसली जाते का हे बघणाऱ्या कमिटीच्या पाहणीची धास्ती असेल तर सेक्रेटरीला आधीच लिहा की अमुक भाग लागवडीत आहे, अमुक भाग झाकून तण मारतो आहोत. झाकलेली जमीन कसलेली धरतात का, तेही विचारून घ्या. साइटगणिक नियम बदलतो.

उघडलेल्या वाफ्यांत मार्चअखेर लवकर येणारे बटाटे, एप्रिलअखेरपासून दर तीन आठवड्यांनी मेथीची एक ओळ. कोथिंबीर जूनच्या लांब दिवसांत लगेच फुलावर येते, म्हणून एप्रिलमध्ये आणि पुन्हा ऑगस्टमध्ये पेरा. भेंडी-गवारीचा नाद बाहेरच्या वाफ्यात करू नका, त्यांना तेवढी ऊब मिळत नाही.

झाकलेल्या भागातूनही पीक निघतं. थंडीचा शेवटचा कडाका गेल्यावर, मे संपताना, प्लॅस्टिकला दीड-दीड मीटरवर अधिक चिन्हासारखी चीर द्या, खाली फूटभर खड्डा, त्यातली मुळं वेचून दोन बादल्या कंपोस्ट, आणि एकेक लाल भोपळ्याचं रोप. पाणी थेट चिरेत घाला, कारण पाऊस प्लॅस्टिकवरून वाहून जातो. चिरेतून काउचचं पातं वर आलं तर तेवढंच उपटा. ऑक्टोबरमध्ये देठ लाकडासारखा कडक झाला की चार बोटं देठ ठेवून भोपळे कापा, आणि प्लॅस्टिक एका कोपऱ्यातून वर उचलून बघा: कांडी तपकिरी आणि पिचपिचीत झाली असेल तर तो भाग फोर्कने उघडायला घ्या, पांढरी आणि टणक असेल तर पुन्हा झाका.