पहिला ड्रोन घेताय? कॅमेऱ्याकडे नंतर बघा

दोन-तीन हजारांच्या मिनी ड्रोनच्या खोक्यावर ‘फोर-के’ (म्हणजे अतिशय स्पष्ट चित्राचा कॅमेरा) छापलेलं असलं तरी भुलू नका. एवढ्या पैशांत बहुतेक वेळा धूसर, थरथरतं चित्रच मिळतं. आधी विचारा, सुटे पंखे आणि जादा बॅटरी मिळते का? पंखे तुटणारच, आणि एका चार्जिंगवर उड्डाण पाच-आठ मिनिटांचं. माझा पहिला ड्रोन तिसऱ्याच दिवशी गॅलरीच्या ग्रिलवर आपटला. एक पंखा गेला, तो कुठेच मिळेना, मग सगळंच माळ्यावर!

पंख्यांभोवती जाळी आणि ‘अल्टिट्यूड होल्ड’ हवंच. त्यामुळे रिमोटवरची काठी सोडली की ड्रोन साधारण त्याच उंचीवर थांबतो, नवशिक्याचा अर्धा ताण जातो. पंखा बदलताना मात्र त्यावरचं ‘ए’ किंवा ‘बी’ अक्षर पाहा. दोन घड्याळाच्या दिशेने फिरतात, दोन उलटे. अदलाबदल झाली तर ड्रोन जागीच कोलमडतो.

वजन २५० ग्रॅमपर्यंत असेल तर २०२१च्या ड्रोन नियमांनुसार पायलट परवाना लागत नाही. विमानतळाजवळ मात्र उडवू नका. आणि वारा असेल तर गच्चीवर नको, हॉलमध्येच छताचा पंखा बंद करून सराव करा.