सांगणारा कोण, ऐकणारा कोण: अमेरिकन वास्तववाद वाचायला घेताना

एम.ए. इंग्रजीला अमेरिकन साहित्याचा पेपर असला की एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध बरीच मुलं नोट्सवर काढतात. सगळा वेळ इमर्सन, हॉथॉर्न आणि व्हिटमनवर जातो आणि परीक्षेच्या तोंडावर वास्तववादाची वैशिष्ट्यं पाठ होतात: साधी माणसं, बोलीभाषा, बारीक तपशील, रोजचं जगणं. यादी बरोबरच असते, पण तिच्यामुळे कोणाला या काळाची गोडी लागल्याचं मी पाहिलेलं नाही. माझा एम.ए.चा प्रबंध याच काळावर होता, आता हा पेपर मी शिकवते. नव्यानं सुरुवात करणाऱ्यांना एवढंच सांगते, की जाड कादंबऱ्या नंतर वाचा, आधी कथा घ्या.

कारण हे साहित्य मासिकांत वाढलं. 1865 मध्ये यादवी युद्ध संपलं, 1869 मध्ये देशाच्या आरपार जाणारी रेल्वे पूर्ण झाली. एकाच देशात राहूनही आपल्याला आपलीच माणसं ठाऊक नाहीत, ही जाणीव बॉस्टन-न्यूयॉर्कच्या वाचकाला होऊ लागली. मेन राज्याच्या किनाऱ्यावर कोण राहतं, लुइझियानात काय बोलतात, कॅलिफोर्नियाच्या खाणवस्तीत काय चालतं, हे त्याला वाचायचं होतं. बॉस्टनच्या 'अटलांटिक मंथली'चं संपादन 1871 ते 1881 या काळात विल्यम डीन हॉवेल्सकडे होतं. तो स्वतः ओहायोतल्या एका मुद्रकाचा मुलगा. मार्क ट्वेन, हेन्री जेम्स, सारा ऑर्न ज्युएट हे एकमेकांशी अजिबात न जुळणारे लेखक त्यानं उचलून धरले. म्हणजे कथा गावाकडच्या माणसांची आणि वाचक मात्र शहरातला. ही एक गोष्ट लक्षात ठेवून वाचलंत तर अर्ध्याहून अधिक कथा आपोआप उलगडतात. प्रत्येक कथेला दोन प्रश्न विचारा: सांगतंय कोण? आणि ऐकतंय कोण?

हे शिकायला चार्ल्स चेस्नटइतका चांगला लेखक नाही. जन्म 1858चा, क्लीव्हलँडचा. वाढला नॉर्थ कॅरोलिनातल्या फेएटव्हिलमध्ये. त्याची 'पो' सँडी' ही कथा 1888 मध्ये 'अटलांटिक'मध्येच आली. उत्तरेकडून आलेलं जॉन आणि ॲनी हे गोरं जोडपं दक्षिणेत स्थायिक झालंय. पूर्वी गुलाम असलेला म्हातारा ज्युलियस त्यांना गोष्ट सांगतो. सँडी नावाच्या गुलामाला मालक सतत आपल्या या मुलाकडून त्या मुलाकडे कामाला पाठवतो, त्याला एका जागी राहूच देत नाही. म्हणून त्याची बायको टेनी, जिला मंत्रतंत्र येतं, त्याचं झाड करून टाकते. ती कामासाठी दूर गेलेली असताना ते झाड तोडलं जातं, कापलं जातं, त्याच्या फळ्यांचं स्वयंपाकघर उभं राहतं. गोष्ट संपल्यावर ॲनी हळहळते: काय ती व्यवस्था, जिच्यात असं घडू शकत होतं! जॉनला मात्र कळतच नाही. माणसाचं झाड होतं हे तू खरं मानतेस की काय, असं तो तिला विचारतो. गोष्ट एकच, पण एकाच्या कानात भुताटकी शिरते, दुसरीच्या मनात गुलामगिरी. शिवाय ज्युलियसचं स्वतःचं एक काम होतं, तेही या गोष्टीनं पार पडतं. ते काय, हे तुम्हीच वाचा. परीक्षेत 'बोलीभाषेचा वापर' असा प्रश्न आला की या कथेवर लिहा. इथे बोली रंगासाठी घातलेली नाही. ती सांगणाऱ्याच्या हातातलं बळ आहे.

ज्युलियसची बोली डोळ्यांनी वाचू नका. पहिलं पान बघून बरेच जण पुस्तक मिटतात, कारण शब्दांची स्पेलिंगं ओळखीची नसतात. तीच वाक्यं मोठ्यानं म्हणा, ऐकू आली की कळतात. लिब्रिव्हॉक्स या संकेतस्थळावर या काळातल्या अनेक कथांचं वाचन फुकट ऐकायला मिळतं. पुस्तक समोर ठेवून ऐका. ज्यांच्या घरात वऱ्हाडी, अहिराणी किंवा मालवणी बोलली जाते त्यांना याचा सराव असतोच, कारण छापील मराठीत न बसणारा आवाज कागदावर आला की कसा दिसतो हे त्यांनी पाहिलेलं असतं. ट्वेनच्या 'हकलबरी फिन' या कादंबरीला हात घालण्याआधी हा सराव फार कामी येतो. ट्वेन तर सुरुवातीच्या टिपेतच बजावतो की पुस्तकात अनेक बोली आहेत आणि त्या काळजीपूर्वक लिहिल्या आहेत.

मग ज्युएटची 'अ व्हाइट हेरन' (1886). मेनमध्ये आजीकडे राहणारी नऊ वर्षांची सिल्व्हिया. पक्षी मारून, त्यांत पेंढा भरून संग्रह करणारा शहरी तरुण. पांढऱ्या बगळ्याचा पत्ता सांगणाऱ्याला दहा डॉलर. मुलगी पहाटे उंच पाइनवर चढते, तिला समुद्र दिसतो, बगळाही दिसतो. आणि ती काहीच सांगत नाही. चेस्नटचा ज्युलियस बोलून जिंकतो, ही गप्प राहून. ज्युएटला अनेक जुन्या इतिहासग्रंथांत 'स्थानिक रंगाची लेखिका', म्हणजे एखाद्या प्रदेशाची माणसं-बोली रंगवणारी, म्हणून दोन ओळींत उरकलेलं आढळेल. ते मला मान्य नाही. तुम्हीही मान्य करू नका. कथा वाचून तुमचं मत बनवा.

शेतीच्या घरातून आलेल्या विद्यार्थ्यांना मी हॅम्लिन गार्लंडची 'अंडर द लायन्स पॉ' आवर्जून देते. टोळांनी कॅन्ससमधून उठवलेला हॅस्किन्स आयोवात दुसऱ्याची जमीन खंडानं करतो, राबून तिचं सोनं करतो. विकत घ्यायची वेळ येते तेव्हा मालक दुपटीहून जास्त किंमत सांगतो, कारण शेत आता सुधारलंय. सुधारलं कोणी? यावर वर्गात पुस्तकाबाहेरच्या गोष्टीही निघतात, आणि चर्चा तास संपल्यावरही थांबत नाही. ब्रेट हार्ट, मेरी विल्किन्स फ्रीमन, केट शोपँ पुढच्या फेरीत घ्या. शोपँची 'डिझिरीज बेबी' मात्र शेवट कोणाकडूनही न ऐकता वाचा.

वर सांगितलेल्या सगळ्या कथांचे स्वामित्वहक्क संपले आहेत. प्रोजेक्ट गुटेनबर्ग या संकेतस्थळावर त्या फुकट मिळतात, गाईड विकत घेण्याची गरज नाही. प्रबंधाचा विषय शोधत असाल तर 'अमुक लेखकाचा वास्तववाद' असा ढोबळ विषय टाळा. दोन-तीन कथा घ्या आणि त्यांत गोष्ट ऐकणाऱ्या पात्राला काय कळतं आणि काय कळत नाही एवढंच तपासा. नेट-सेटसाठी सनावळी लागते ती वेगळी पाठ करा, पण कथा वाचून झाल्यावर.