साडेबारा टक्क्यांचा अभ्यासक्रम

नवी मुंबईतल्या घणसोली गावात वाढलेल्या पोराच्या कानावर 'साडेबारा टक्के' हे शब्द पाढ्यांच्याही आधी पडतात. म्हणून सार्वजनिक धोरणाच्या एम.ए.ला पहिल्या सत्रातलं धोरण-टिपण मी याच योजनेवर, म्हणजे शहरासाठी घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात भूखंड परत देण्यावर, लिहिलं. बावीस पानं. सरांनी शेवटच्या पानावर पेन्सिलीने लिहिलं, "हे वाचून खात्याच्या सचिवांनी नेमकं काय करायचं?" बावीस पानांत त्याचं उत्तर नव्हतं.

माहिती मात्र भरपूर होती. १९७० साली सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ, स्थापन झाली, ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी ठरल्या, १९८४ साली शेतकरी नेते दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जासईचं शेतकरी आंदोलन झालं, गोळीबारात पाच माणसं गेली. पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत द्यायचं धोरण आलं. आमच्या आळीतल्या तात्यांना हे सगळं वाचून दाखवलं तर म्हणाले, "साडेबारा कागदावर रे, हातात पावणेनऊ." सार्वजनिक सुविधांसाठी पावणेचार टक्के कापले जातात, हे मी एका ओळीत उरकलं होतं. तात्यांचा सगळा हिशेब त्या ओळीतच होता.

धोरण शिकणारे नवखे अडखळतात ती खरी जागा म्हणजे प्रश्नाची मांडणी. कुटुंबं वाढली, गावठाणाची हद्द वाढली नाही, लोकांनी परवानगीशिवाय घरं बांधली. 'अनधिकृत बांधकाम' म्हटलं की उपाय नोटीस आणि तोडक कारवाईकडे जातो. 'गरजेपोटी बांधलेली घरं' म्हटलं की तो नियमित करण्याकडे वळतो. घर तेच, भिंती त्याच. पण नियमित करायचं तर अग्निशमनची गाडी आळीत शिरणार कशी, वाढीव पाणी कोण देणार, तळमजल्यावर गाळे काढून भाडं खाणाऱ्यालाही तीच सवलत का, हे विचारावंच लागतं. मी गावचा म्हणून पहिल्या टिपणात शेवटचा प्रश्न सोयीस्कर गाळला होता.

आता थोडं कामाचं. शासन निर्णय, म्हणजे आपला जीआर, सरळ वरून खाली वाचू नका. आधी 'वाचा'खालची यादी बघा, तिथे जुन्या निर्णयांचे क्रमांक असतात आणि धोरण किती वेळा वळलं ते कळतं. मग लेखाशीर्ष, म्हणजे खर्च कुठल्या हिशेबात पडणार तो क्रमांक, शोधा. खर्चाचा निर्णय आहे आणि लेखाशीर्ष नाही, वित्त विभागाच्या अनौपचारिक संदर्भाचा, म्हणजे त्यांच्या सहमतीच्या नोंदीचा, उल्लेखही नाही, तर पैसे कुठून येणार हे विचारायला हरकत नाही. शेवटची 'प्रत' यादी कंटाळवाणी दिसते, पण अंमलबजावणी कोणाच्या टेबलावर पडणार याचा अंदाज तीच देते.

माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो, उत्तराची मुदत साधारण तीस दिवस. माझा पहिला अर्ज वाया गेला, कारण मी "भूखंडवाटपाला विलंब का झाला?" असं विचारलं. प्रश्नार्थक माहिती देता येत नाही, एवढंच उत्तर आलं. दुसऱ्यांदा फाइलवरच्या टिपण्यांच्या प्रती मागितल्या, त्या मिळाल्या, आणि 'का' त्यांतच होतं.

कोर्सचं फार मनावर घेऊ नका. कलिन्याला मुंबई विद्यापीठाचा अर्थशास्त्र आणि सार्वजनिक धोरणाचा विभाग आहे, खासदारांसोबत काम करायची लॅम्प फेलोशिप आहे. संख्याशास्त्राची भीती असेल तर ती आधी घालवा, आणि एक्सेल हाताखालचं असू द्या. वर्ग इंग्रजीत चालतो, फाइल मराठीत. दोन्हीकडून सहज ये-जा करणारा माणूस कार्यालयात लवकर लागतो.

दुसरं टिपण दोन पानांचं झालं. पर्याय तीन, प्रत्येकाचा खर्च, आणि तो कोणाच्या खिशातून हे शेवटी. सरांनी ठेवून घेतलं. तात्यांनी पावणेनऊचा आकडा बरोबर आहे ना तेवढं तपासलं आणि विचारलं, "भाडेकरूंचं काय लिहिलंस?"

काहीच लिहिलं नव्हतं.