पॅलेट मोडलं की थंडीला दोष? कोल्ड स्टोरेजमध्ये या चुका टाळा

ऑगस्टातली गोष्ट. उणे 18 अंशाच्या खोलीत, वाटाण्याच्या गोण्यांखालचं 1200 बाय 1000 मिलिमीटरचं पॅलेट, म्हणजे माल ठेवून उचलायची लाकडी चौकट. फोर्कलिफ्टचा काटा पुढच्या फळीला लागला, टाळी वाजावी तसा आवाज झाला आणि फळी खिळ्यांच्या रेषेत चिरली. "साहेब, थंडीनं लाकूड मेलंय," ड्रायव्हर म्हणाला. तुकडा हातात घेऊन मी बाहेर आलो. थोड्या वेळात चिरेतून पाणी ठिबकायला लागलं. ते पॅलेट आदल्या आठवड्यात अंगणात पावसात उभं होतं.

थंडीत लाकूड कमजोर होतं, हा समजच चुकीचा आहे. थंडीत लाकडाची ताकद वाढते. साधारण 12 टक्के ओलाव्याचं लाकूड उणे 50 अंशाला नेलं, तर 20 अंशाच्या मानाने त्याची वाकण्यातली ताकद तिसऱ्या हिश्श्याने जास्त भरते, आणि ओलं लाकूड गोठलं तर याहून कितीतरी जास्त. पण ही ताकद सावकाश टेकवलेल्या वजनापुढची. धक्क्याचं गणित वेगळं. धक्का पचवायला फळीला थोडं वाकावं लागतं, आणि गोठलेली फळी ताठ असते, ओली असली तर जास्तच. काट्याचा सगळा जोर मग एका जागी बसतो, बहुतेक वेळा खिळ्याच्या भोकाशी. तिथून रेषेरेषेने फाटायला लाकडाला निमित्तच हवं असतं.

म्हणून रॅकवर माल बिनबोभाट पेलणारं पॅलेट दारातल्या एका ठोक्याने जातं, यात नवल नाही. फ्रीझरच्या जमिनीवर बर्फाचा पापुद्रा असला की ब्रेक उशिरा लागतो आणि तो ठोका अजून जोरात बसतो. लाकूड बदलण्याआधी जमीन खरवडून घ्या.

ओलं पॅलेट आत नेणं ही सगळ्यात महागडी चूक. आमचा नियम साधा आहे: 20 टक्क्यांच्या वर ओलावा असेल तर फ्रीझरमध्ये प्रवेश नाही. पावसाळ्यात रिकामी पॅलेट शेडखाली, खाली आडवे ठोकळे टाकून, हवा खेळेल अशी रचायची. ताडपत्रीत घट्ट गुंडाळली की ती आतल्या आत घामेजतात, हे आम्ही एका पावसाळ्यात बुरशीची किंमत मोजून शिकलो.

आता मीटर. दोन सुयांचा ओलावा मीटर विजेचा विरोध मोजतो. थंड लाकडात विरोध वाढतो, त्यामुळे आकडा खऱ्यापेक्षा कमी दिसतो. उन्हात तापलेल्या लाकडात उलट, जास्त दिसतो. फ्रीझरमध्ये उभं राहून "14 टक्के, छान" म्हणणाऱ्यांना मी पॅलेट बाहेर आणायला लावतो. बाहेर आणल्या आणल्याही मोजू नका, वरच्या थरावर दव धरलेलं असतं. लाकूड बाहेरच्या तापमानाला येऊ द्या, पृष्ठभाग सुकू द्या, मग सुया खोल रोवा.

"एचटी शिक्का आहे ना, मग सुकंच असणार!" नाही. एचटी म्हणजे हीट ट्रीटमेंट; तो शिक्का आयएसपीएम 15 चा, म्हणजे लाकडी पॅकिंगच्या आंतरराष्ट्रीय नियमाचा. लाकडाचा गाभासुद्धा 56 अंशावर सलग 30 मिनिटं तापवला, एवढंच तो सांगतो. तो नियम किडीसाठी आहे. उष्णता दिल्यावरही लाकूड ओलं राहू शकतं आणि नंतर पावसात भिजू तर नक्कीच शकतं. त्या 56 अंशाने लाकूड "भाजून" अशक्त झालं, ही तक्रारही ऐकतो. कायमचं नुकसान व्हायला साधारण 65 अंशाच्या वर दीर्घकाळ राहावं लागतं. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये तापलेलं पॅलेट त्या वेळेपुरतं नरम पडतं. 50 अंशाला सुक्या लाकडाची ताकद 10 ते 20 टक्क्यांनी उतरते आणि गार झालं की परत येते. पण त्या उन्हाळ्यात महिनाभर रॅकवर भरलेलं पॅलेट मधोमध झोळ धरतं, तो झोळ मात्र परत जात नाही.

खरा घोळ खिळ्यांचा असतो आणि तिकडे कुणी बघत नाही. द्राक्षाच्या खोलीत 0 अंशाच्या आसपास आणि 90 ते 95 टक्के दमटपणात पॅलेट पाणी ओढून घेतं, ओलावा 20 च्या पुढे जातो. तेच एप्रिलमध्ये नाशिकच्या कोरड्या दुपारी प्लॅटफॉर्मवर पडून राहिलं की 6-7 टक्क्यांकडे उतरतं. लाकूड फुगतं, आकसतं. खिळा तसाच राहतो. ओल्या लाकडात ठोकलेला गुळगुळीत खिळा लाकूड सुकलं की बरीचशी पकड गमावतो. वर आलेलं डोकं हातोडीने परत ठोकणं म्हणजे सैल झालेल्या भोकात तोच खिळा बसवणं. तो उपटा, बाजूला सरकून पिळाचा खिळा ठोका, आणि दोन खिळे एकाच रेषेत येऊ देऊ नका.

मोडलेला तुकडा फेकण्याआधी तुटलेली बाजू बघा. लांब काड्या निघाल्या असतील तर लाकूड चांगलं होतं, ठोकाच जास्त होता. खिळ्यांच्या रेषेत सरळ चीर असेल तर ओलावा आणि खिळे तपासा. आणि काकडी मोडावी तसा बोथट तुकडा पडला असेल, तर आत कुज लागलेली असण्याची शक्यता मोठी. कुजीचा पहिला घाव धक्का सोसण्याच्या ताकदीवर बसतो, तोही लाकूड हलकं वाटायच्या कितीतरी आधी. थंडीत बुरशी थांबते, मरत नाही. बाहेर आलं की पुन्हा कामाला लागते. असा एक तुकडा सापडला, तर मी त्या गाडीतून आलेली सगळी पॅलेट बाजूला काढतो आणि प्रत्येकाच्या ठोकळ्यात स्क्रू ड्रायव्हरचं टोक खुपसून बघतो.