काचेच्या नळीतून निरपेक्ष शून्य कसं काढायचं

केल्विनचं शून्य, म्हणजे निरपेक्ष शून्य, याहून खाली तापमान जाऊच शकत नाही; ते कुणी सोयीपुरतं ठरवलेलं नाही. शाळेच्या प्रयोगशाळेत, बर्फ आणि उकळतं पाणी वापरून ते शोधता येतं: दाब तोच असेल तर नळीत कोंडलेल्या हवेचा स्तंभ तापमानाबरोबर सरळ रेषेत वाढतो-आकसतो, आणि ती रेषा मागे नेऊन लांबी जिथे शून्य होते तेच हे तापमान.

एक टोक बंद असलेली, २३० मिमी लांब आणि आतून १ मिमी रुंद काचेची नळी घ्या. संरक्षक चष्मा लावून, चिमट्यात धरून, ती स्पिरिटच्या दिव्यावर सगळ्या लांबीभर फिरवत सुमारे १५० °से. पर्यंत तापवा. याने आतला ओलावाही जातो, आणि तो जायलाच हवा: दमट हवेत पाण्याची वाफ भर घालते, गरम पाण्यात स्तंभ वाजवीपेक्षा वाढतो आणि शून्य भलतंच वर येतं. आता उघडं टोक सिलिकॉन तेलात बुडवा. १० मिमी तेल चढलं की लगेच बाहेर काढा. नळी निवते तसं तेलाचं बूच आत सरकतं. ३० °से. ला खालच्या हवेचा स्तंभ १६५ मिमीच्या आसपास हवा. १७५ च्या पुढे राहिला तर पुन्हा तापवा, नाहीतर उकळत्या पाण्यात तेल तोंडातून बाहेर येईल.

नळी स्टीलच्या पट्टीला रबराने बांधा. तोंड वर ठेवून, बुचाच्या खालच्या कडेपर्यंत ती बुडेल असं उंच भांडं घ्या. लांबी काचेच्या टोकापासून नाही, आतली हवा जिथे सुरू होते तिथपासून मोजा. बर्फ फ्रीजरमधून काढल्या काढल्या वापरू नका. कुटून, पाणी सुटू लागेपर्यंत थांबा. मीठ अजिबात नको.

समजा बर्फात १५० मिमी आणि उकळत्या पाण्यात २०५ मिमी आले. शंभर अंशांत ५५, म्हणजे अंशाला ०.५५ मिमी. १५० भागिले ०.५५ बरोबर २७२.७. म्हणजे ० °से. च्या खाली इतके अंश गेल्यावर तापमान-लांबीची रेषा शून्य लांबीला टेकते. खरी हवा त्याआधीच द्रव होते; रेषा आपण कागदावर पुढे वाढवतो. खरा आकडा −२७३.१५ °से. वाढ मोजताना १ मिमी चुकला तर उत्तर पाचेक अंशांनी हलतं, म्हणून तीनदा मोजा. पुण्यात पाणी साधारण ९८ °से. ला उकळतं, तिथे १०० धरलंत तर उत्तर २७८ च्या घरात जातं. तापमापी लावून खरा आकडा घ्या.

आता मोजपट्ट्या. केल्विन = सेल्सिअस + २७३.१५. फॅरेनहाइट = सेल्सिअस × १.८ + ३२. त्यामुळे निरपेक्ष शून्य −४५९.६७ °फॅ. आहे, आणि −४० वर सेल्सिअस-फॅरेनहाइट एकच आकडा दाखवतात. रँकिन ही फॅरेनहाइटच्या अंशांची, पण निरपेक्ष शून्यापासून मोजणारी पट्टी: केल्विन × १.८.

सगळ्यात जास्त घोळ फरकात होतो. ताप २ °फॅ. वाढला म्हणजे १.१ °से. वाढला, इथे ३२ चा संबंध नाही. २७३.१६ केल्विन हा पाण्याचा त्रिक बिंदू (जिथे बर्फ, पाणी आणि वाफ तिन्ही एकत्र टिकतात), वितळणबिंदू नव्हे. आणि केल्विनपुढे अंशाचं चिन्ह १९६७ पासून लावत नाहीत.

गुणोत्तर काढायचं तर आधी केल्विनमध्ये या. २० °से. च्या दुप्पट ४० नाही: २९३.१५ दुप्पट केले की ५८६.३ केल्विन, म्हणजे ३१३.१५ °से.